खोबरेल : आरोग्यविषयक उपयोग व वाद

नारळाच्या (शास्त्रीय नाव कोकॉस न्यूसिफेरा) पक्व फळातील गरापासून काढलेले स्थिर तेल. खोबरे व तेल या शब्दांच्या संयोगाने, एरंडेल किंवा करडेल यांप्रमाणे, हे नाव बनले आहे. उष्ण हवेत ते पातळ, रंगहीन किंवा फिकट पिवळे असते, तापमान सु. २४° ते २६° से. च्या खाली उतरले की, ते थिजून पांढरे दिसते. केरळ, श्रीलंका, फिलिपीन्स, इंडोनेशिया व पॅसिफिक महासागरातील बेटे येथे ते पूर्वापार खाद्यतेल आहे. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत मात्र खोबरेल म्हणजे डोक्याला लावावयाचे तेल, असेच समीकरण रूढ आहे. कोकणच्या स्वयंपाकात नारळ भरपूर असला, तरी तो खवून, वाटून किंवा त्याचा रस काढून वापरतात. फोडणीस खोबरेल घेण्याचा प्रघात मुख्यतः दक्षिण कोकण, गोवा व कारवार या पट्ट्यात आढळतो. एकाच तेलाला कोठे अन्न, कोठे औषध, कोठे प्रसाधन आणि अलीकडे कोठे ‘विष’ मानले गेले. या मतांच्या उलथापालथीत वैद्यकीय पुराव्याइतकाच व्यापारी हितसंबंधांचाही वाटा राहिला आहे.

प्रकार व निष्कर्षण : कोकणात हे तेल काढण्याच्या पद्धतींवरून त्याला वेगवेगळी नावे होती. ओले खोबरे किसून त्याचा रस उकळल्यावर वर तरंगणारे तेल ते आवेल. मुठीने पिळून काढलेले ते मुठेल. सुके खोबरे घाण्यात घालून काढलेले ते खोबरेल. व्यापाराच्या वाढीबरोबर हेच नाव सर्व प्रकारांना लागू झाले. आवेलाला ताज्या नारळाचा वास असे व ते थोडेच निघे. म्हणून बाळंतीण, तान्हे मूल व औषध यांसाठी ते राखून ठेवीत. हल्ली ‘व्हर्जिन’ या नावाने महाग विकले जाणारे तेल तत्त्वतः या आवेलाचेच यांत्रिक रूप आहे.

सुक्या खोबऱ्यात ६० ते ६५ टक्के तेल असते. खोबरे उन्हात नीट सुकविलेले असेल, तर घाण्याचे तेल गाळून तसेच वापरता येते. पावसाळी प्रदेशांत ते धुरावर सुकवावे लागते. अशा खोबऱ्यात धुरातील बहुवलयी हायड्रोकार्बने उतरतात व ओलसर राहिल्यास त्यावर बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकते. त्यामुळे मोठ्या गिरण्यांतील तेल उदासीन करून, त्याचा रंग व वास काढून शुद्ध करावे लागते. खोबरेलाच्या गुणदोषांविषयीचे पुष्कळसे मतभेद, कोणते खोबरेल हे न सांगता बोलले गेल्यामुळे निर्माण झाले आहेत.

संघटन : बहुतेक वनस्पतिज तेलांत असंतृप्त वसाम्लांचे (ज्यांच्या कार्बन साखळीत एक वा अधिक द्विबंध असतात अशा अम्लांचे) प्राबल्य असते. खोबरेल याला ठळक अपवाद आहे. त्यातील सु. ९० टक्के वसाम्ले संतृप्त असतात. त्यांत १२ कार्बन अणूंचे लॉरिक अम्ल सर्वांत जास्त म्हणजे ४५ ते ५० टक्के, १४ कार्बनांचे मिरिस्टिक अम्ल सु. १८ टक्के, १६ कार्बनांचे पामिटिक अम्ल सु. ९ टक्के आणि ८ व १० कार्बनांची कॅप्रिलिक व कॅप्रिक ही अम्ले मिळून सु. १५ टक्के असतात. लिनोलीइक हे आहारातील आवश्यक वसाम्ल जेमतेम २ टक्के आढळते. संतृप्ततेमुळे हे तेल हवेने लवकर खवट होत नाही, तळणीत टिकते आणि साबणाला भरपूर फेस देते. याच संतृप्ततेमुळे पुढे ते आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

पारंपरिक वैद्यक : आयुर्वेदात नारिकेलाला शीत, बल्य व मूत्राशय शुद्ध करणारा मानले आहे. तथापि तेलांमध्ये संहिताकारांनी अग्रस्थान तिळेलाला दिले. केश्य म्हणून खोबरेलाचा बोलबाला मुख्यतः केरळच्या वैद्यपरंपरेत दिसतो व तेथील अनेक सिद्ध तेलांचा तो आधार आहे. हल्ली खोबरेलाने चूळ भरून तोंडाचे आरोग्य राखण्याची जी प्रथा आयुर्वेदीय म्हणून सांगितली जाते, तिचे मूळ कवल व गंडूष या विधींत असले, तरी त्या विधींत मुख्यतः तिळेल घेत. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये तेथेच छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात नारळावर स्वतंत्र प्रकरण लिहिले असून, ओल्या व सुक्या खोबऱ्याच्या तेलांत भेद केला आहे. पश्चिम किनाऱ्यावरील खोबरेलाच्या औषधी उपयोगाची ही एक जुनी यूरोपीय नोंद होय.

मेणबत्तीपासून कृत्रिम लोण्यापर्यंत : एकोणिसाव्या शतकात यूरोपला खोबरेल हवे होते ते खाण्यासाठी नव्हे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल शव्हरल याने वसांचे घटक उलगडून दाखविल्यानंतर (१८२३) वसांतील घन भाग वेगळा करून मेणबत्त्या करण्याचा उद्योग वाढला. लंडन येथे १८३० मध्ये स्थापन झालेल्या एडवर्ड प्राइस या मेणबत्त्यांच्या कंपनीने खोबरेलासाठी श्रीलंकेत नारळाच्या बागाही घेतल्या. साबणाच्या कारखानदारांनाही खोबरेल मानवले, कारण त्याचा साबण खाऱ्या पाण्यातसुद्धा फेस देतो.

खाद्यपदार्थांत त्याचा प्रवेश कृत्रिम लोण्याच्या वाटेने झाला. ईपॉलीत मेझ-मूर्येस याने १८६९ मध्ये गोमांसाच्या चरबीपासून मार्गारीन तयार केले. पण चरबीचा पुरवठा अपुरा पडू लागताच वनस्पतिज वसांकडे लक्ष वळले. जर्मनीत १८९० नंतरच्या दशकात हाइन्‍रिख श्लिंक याच्या कारखान्याने शुद्ध केलेले घट्ट खोबरेल ‘पालमिन’ या नावाने लोण्याऐवजी विकण्यास प्रारंभ केला. पहिल्या महायुद्धापूर्वी मलबारच्या सुक्या खोबऱ्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक जर्मनीच होते. युद्धामुळे ही बाजारपेठ तुटली. याच काळात, १९१७ मध्ये, टाटा ऑइल मिल्स ही कंपनी स्थापन झाली व कोचीनजवळ तिची खोबरे गाळण्याची गिरणी उभी राहिली. दुसरीकडे, स्फोटकांसाठी ग्लिसरिनाची मागणी वाढल्याने फिलिपीन्समधील तेलगिरण्यांना भरभराटीचे दिवस आले. युद्ध संपल्यावर ते तेल अमेरिकेच्या मार्गारीन उद्योगाकडे वळले.

पहिला वाद – दूध विरुद्ध खोबरेल : खोबरेल आरोग्यास अपायकारक असल्याचा पहिला मोठा सार्वजनिक वाद हृदयरोगाविषयी नव्हता, तर दुधाविषयी होता. अमेरिकेत साय काढलेल्या दुधात खोबरेल घोटून केलेले आटीव दूध स्वस्त विकले जात असे. एल्मर मॅकॉलम व मार्गरीट डेव्हिस यांनी १९१३ मध्ये लोण्यातील मेदात वाढीस आवश्यक असा एक घटक (पुढे जीवनसत्त्व अ म्हणून ओळखला गेलेला) असल्याचे दाखविले होते. वनस्पतिज तेलांत तो नसतो. दुग्धव्यावसायिकांनी हा शोध उचलून धरला व खोबरेलाच्या दुधावर वाढविलेली मुले खुरटतील, असा प्रचार केला. परिणामी १९२३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अशा दुधाच्या आंतरराज्य व्यापारास बंदी केली. ‘मिलनट’ या नावाने असे दूध विकणाऱ्या कॅरोलीन प्रॉडक्ट्स या कंपनीचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९३८ मध्ये न्यायालयाने ही बंदी वैध ठरविली. या निकालातील चौथी तळटीप अमेरिकन संविधानाच्या अभ्यासकांत विलक्षण प्रसिद्ध आहे. तिच्या मुळाशी खोबरेल होते, हे त्यांच्याही सहसा ध्यानात नसते. खोबरेलात जीवनसत्त्व अ नसते, हा आक्षेप खरा होता. पण तो शेंगदाण्याच्या वा सरकीच्या तेलासही तितकाच लागू होता आणि जीवनसत्त्व बाहेरून घालता येत असे. हा कायदा एका संघीय जिल्हा न्यायालयाने अखेर १९७२ मध्ये असमर्थनीय ठरविला.

दरम्यान मार्गारीनविरुद्धचा लढाही चालू होता. उष्ण कटिबंधातून येणाऱ्या या स्पर्धकास अमेरिकन गवळी ‘नारळाची गाय’ म्हणून हिणवीत. लोणी, सरकी व चरबी यांच्या उत्पादकांच्या दबावामुळे १९३४ मध्ये फिलिपीन्सच्या खोबरेलावर दर पौंडास ३ सेंट असा प्रक्रिया-कर बसविण्यात आला. मार्गारीनमधील खोबरेलाची जागा सरकीच्या आणि नंतर सोयाबीनच्या हायड्रोजनीकृत तेलाने घेतली. १९४२ मध्ये जपानने फिलिपीन्स व्यापल्यावर उरलीसुरली आयातही थांबली.

कोलेस्टेरॉल सिद्धांत : दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत हृद्-रोहिणी विकाराने (हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या विकाराने) होणारे मृत्यू चिंतेचा विषय बनले. मिनेसोटा विद्यापीठातील अँसेल कीझ यांनी १९५० नंतरच्या दशकात आहारातील वसा, रक्तातील कोलेस्टेरॉल व हा विकार यांची साखळी मांडली. नियंत्रित आहारावर ठेवलेल्या माणसांवरील प्रयोगांतून कीझ व हार्व्हर्ड येथील मार्क हेगस्टेड यांनी १९६५ मध्ये, कोणत्या वसेने कोलेस्टेरॉल किती वाढेल, याची समीकरणे बसविली. हेगस्टेड यांच्या मते सर्वाधिक वाढ मिरिस्टिक अम्लामुळे होते, आणि खोबरेलात ते विपुल असते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६१ मध्येच संतृप्त वसांऐवजी असंतृप्त वसा घेण्याची शिफारस केली होती. नव्वद टक्के संतृप्त असलेले खोबरेल त्यामुळे आपोआप त्याज्य पदार्थांच्या यादीत गेले.

या काळातील प्राण्यांवरील अनेक प्रयोगांत पूर्ण हायड्रोजनीकृत खोबरेल वापरले जाई. या प्रक्रियेत मुळातले अल्पसे लिनोलीइक अम्लही नाहीसे होते, त्यामुळे केवळ अशा तेलावर ठेवलेल्या प्राण्यांत आवश्यक वसाम्लांची उणीव निर्माण होते. या प्रयोगांचे निष्कर्ष घाण्याच्या तेलास जसेच्या तसे लावणे चूक होते, हा खोबरेलाच्या समर्थकांचा आक्षेप रास्त आहे. मात्र माणसांवर साध्या खोबरेलाने केलेल्या प्रयोगांतही कोलेस्टेरॉल वाढल्याचेच दिसले होते, हे ते सांगत नाहीत.

प्रवाळबेटांचा पुरावा : समर्थकांचा सर्वांत वजनदार आधार दक्षिण पॅसिफिकमधून आला. न्यूझीलंडचे वैद्य ईअन प्रायर व त्यांचे सहकारी यांनी टोकेलाऊ व पुकापुका या प्रवाळद्वीपांवरील पॉलिनीशियन लोकांची पाहणी करून १९८१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही बेटांवर नारळ हेच मुख्य अन्न होते. टोकेलाऊच्या लोकांना एकूण ऊर्जेपैकी ६३ टक्के, तर पुकापुकाच्या लोकांना ३४ टक्के ऊर्जा नारळातून मिळे. टोकेलाऊच्या लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल पुकापुकाच्या लोकांहून १०० मिलि. मागे ३५ ते ४० मिग्रॅ. अधिक होते. म्हणजे संतृप्त वसेने कोलेस्टेरॉल वाढते, हे कीझ-हेगस्टेड यांचे भाकीत येथेही खरे ठरले. पण वाहिन्यांचे विकार दोन्हीकडे विरळाच होते. १९६६ मधील वादळानंतर टोकेलाऊचे बरेच लोक न्यूझीलंडमध्ये वसविण्यात आले. तेथे नारळ सुटला. पाव, मांस व साखर आली. आणि स्थूलता, रक्तदाब व मधुमेह हे विकार वाढले. पापुआ न्यू गिनीतील किटावा या बेटावर स्टाफान लिंडेबर्य या स्वीडिश वैद्याने १९९० च्या सुमारास केलेल्या पाहणीतही नारळ, कंदमुळे व मासे यांवर राहणाऱ्या लोकांत हृदयविकार व पक्षाघात जवळजवळ आढळले नाहीत.

या पाहण्यांचे महत्त्व मोठे आहे. तथापि त्यांतून काढले जाणारे अनुमान बहुधा ताणलेले असते. ही माणसे बाटलीतले तेल खात नव्हती. ती तंतुमय गरासकट नारळ खात, त्यासोबत ताजे मासे खात, साखर त्यांच्या आहारात नगण्य होती व दिवसभर त्यांना अंगमेहनत असे. एवढे सगळे वगळून खोबरेलात तळलेल्या पदार्थांना या बेटांचे प्रमाणपत्र जोडणे शास्त्रीय नव्हे.

अमेरिकेतील मोहीम : १९८० नंतरच्या दशकात बिस्किटे, केक, चित्रपटगृहांतील लाह्या यांत खोबरेल व पाम तेल वापरले जात असे. अमेरिकेतील सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने १९८६-८७ च्या सुमारास ‘उष्ण कटिबंधीय वसां’विरुद्ध प्रचारमोहीम उघडली, तिचा मुख्य रोख मलेशियाच्या पाम तेलावर होता, परंतु खोबरेलही तीत भरडले गेले. ग्राहक संघटनांनीही स्वतंत्रपणे हाच आग्रह धरला. ओमाहा येथील फिल सोकोलोफ या उद्योजकाने, स्वतःस हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यानंतर, १९८८ पासून स्वखर्चाने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन, या तेलांनी अमेरिकेवर विषप्रयोग चालविला असल्याचा आरोप केला व त्या तेलांचे पदार्थ विकणाऱ्या कंपन्यांची नावे छापली. थोड्याच काळात मोठ्या कंपन्यांनी खोबरेल सोडले.

त्याची जागा कशाने घेतली, हा या प्रकरणातील खरा गंभीर भाग होय. ती घेतली अंशतः हायड्रोजनीकृत सोयाबीन तेलाने. या प्रक्रियेत ट्रान्स वसाम्ले तयार होतात. नेदर्लंड्समधील रोनाल्ड मेन्सिंक व मार्टेन काटान यांनी १९९० मध्ये असे दाखविले की, ट्रान्स वसाम्ले कमी घनतेचे वसाप्रथिन (रोहिण्यांच्या भित्तींत कोलेस्टेरॉल साठविणारे) वाढवितात आणि शिवाय अधिक घनतेचे वसाप्रथिन (कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेणारे) घटवितात. साधी संतृप्त वसा यांपैकी दुसरी हानी करीत नाही. म्हणजे लोकांच्या हृदयाच्या काळजीपोटी केलेला बदल त्यांच्या हृदयास अधिक घातक ठरला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनीकृत तेलांची सुरक्षिततेची मान्यता काढून घेतली. भारतात जानेवारी २०२२ पासून तेले व वसा यांतील ट्रान्स वसाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा आली. खोबरेलाच्या पुनरुज्जीवनाला या घटनांनी मोठेच बळ दिले. परंतु ट्रान्स वसांहून बरे असणे व हितकारक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

केरळमधील प्रश्न : भारतात हा वाद केरळइतका जिव्हाळ्याचा कोठेच झाला नाही. तेथे स्वयंपाकाचे तेल व लक्षावधी छोट्या बागाईतदारांची उपजीविका ही दोन्ही एकाच झाडावर अवलंबून होती. आणि त्याच राज्यात हृद्-रोहिणी विकाराचे प्रमाण देशात वरच्या क्रमांकाचे होते. पाश्चात्त्य शिफारशींना अनुसरून अनेक वैद्य रुग्णांना खोबरेल सोडण्यास सांगू लागले. सूर्यफुलाचे व आयात केलेले पाम तेल घरोघरी पोहोचले. १९९८ च्या सुमारास नारळावर कोळी किडीचा प्रादुर्भाव झाला. त्याच सुमारास आयात तेलांमुळे भावही कोसळले. त्यामुळे खोबरेलाविरुद्धचे प्रत्येक वैद्यकीय मत तेथील शेतकऱ्यास आपल्याविरुद्धचा कटच वाटू लागले.

तेथील पुरावा कसा आहे? १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात हृदयरुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्या नारळ व खोबरेल सेवनात फरक आढळला नाही. समर्थक हा अभ्यास वारंवार पुढे करतात. परंतु ज्या समाजात झाडून सारे एकच तेल खातात, तेथे अशा तुलनेतून त्या तेलाचा दोष वा निर्दोषत्व यांपैकी काहीच सिद्ध होणे अवघड असते. अधिक काटेकोर अभ्यास कोची येथे झाला व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २०० हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना खोबरेल व निम्म्यांना सूर्यफुलाचे तेल दोन वर्षे दिले. रक्तातील वसा वा हृदयविकाराच्या घटना यांत लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र या रुग्णांना कोलेस्टेरॉल उतरविणारी औषधे चालू होती. औषधाखालील रुग्णास माफक खोबरेल फारसे बाधत नाही, एवढेच त्यातून निघते. उलट, शेजारच्या श्रीलंकेत १९८९ मध्ये खोबरेलाऐवजी मक्याचे तेल देऊन केलेल्या प्रयोगात कमी घनतेचे वसाप्रथिन उतरले होते. पण त्याबरोबर अधिक घनतेचेही उतरले. पुढील सर्व वादाचे बीज या दुहेरी परिणामात आहे.

पुनरुज्जीवन व मध्यम साखळीचा युक्तिवाद : २००० नंतर खोबरेल पाश्चात्त्य बाजारात ‘आरोग्यदायी’ म्हणून परतले. वजन घटविणे, रोगजंतूंचा नाश, स्मृतिभ्रंशापासून संरक्षण असे नाना दावे त्याच्या नावावर जमा झाले. त्यांतील बहुतेकांचा आधार मध्यम साखळीची वसाम्ले हा आहे. ही अम्ले लसीका वाहिन्यांत न जाता प्रवेशिका नीलेतून (आतड्यातील रक्त यकृताकडे नेणाऱ्या नीलेतून) थेट यकृतात जातात व चटकन जळतात. खोबरेलापासून ८ व १० कार्बनांचा भाग वेगळा काढून केलेले तेल वसा न पचणाऱ्या रुग्णांना १९५० नंतरच्या दशकांपासून दिले जाते. लहान मुलांच्या अपस्मारावरील विशिष्ट आहारात पीटर हटनलोकर यांनी १९७१ मध्ये त्याचा उपयोग केला. हे औषधी तेल व बाजारातील खोबरेल एक नव्हे. खोबरेलातील सर्वांत मोठा भाग लॉरिक अम्लाचा आहे. रसायनशास्त्रात ते मध्यम साखळीचे गणले जात असले, तरी शरीरात त्याचा बराच मोठा अंश दीर्घ साखळीच्या अम्लांप्रमाणेच लसीकेतून जातो. त्यामुळे औषधी तेलावरील प्रयोगांचे श्रेय खोबरेलास देणे योग्य नाही.

जंतुनाशकतेची गोष्टही अशीच आहे. जॉन कबारा यांनी १९७२ मध्ये लॉरिक अम्ल व त्याचे ग्लिसरीनाशी बनलेले संयुग मोनोलॉरीन यांची जंतुविरोधी क्रिया परीक्षानळीत दाखविली व ती खरी आहे. खोबरेल खाल्ल्याने रक्तात तेवढे मोनोलॉरीन निर्माण होऊन संसर्ग बरे होतात, याला मात्र विश्वसनीय पुरावा नाही.

अलीकडील परीक्षणे : मेन्सिंक व सहकारी यांनी २००३ मध्ये ६० नियंत्रित प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. लॉरिक अम्लाने एकूण कोलेस्टेरॉल वाढते, परंतु वाढीचा मोठा वाटा अधिक घनतेच्या वसाप्रथिनाचा असल्याने दोहोंचे गुणोत्तर सुधारते, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष समर्थकांनी उचलून धरला. मात्र नंतरच्या घडामोडींनी गुणोत्तराची ही भिस्त डळमळली. अधिक घनतेचे वसाप्रथिन वाढविणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची चाचणी २००६ मध्ये मृत्यू वाढल्यामुळे थांबवावी लागली. ते प्रथिन वाढविले म्हणजे हृदयविकार टळतोच, असे आता मानले जात नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये खोबरेल न वापरण्याचा सल्ला दिला. पुढील वर्षी केंब्रिज येथील संशोधकांचा, ५० ते ७५ वयाच्या नव्वदांहून अधिक व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. चार आठवडे रोज ५० ग्रॅ. वसा देऊन केलेल्या या प्रयोगात लोण्याने कमी घनतेचे वसाप्रथिन वाढले. खोबरेल व ऑलिव्ह तेल यांत त्याबाबत फरक दिसला नाही. पण २०२० मध्ये १६ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात, उष्ण कटिबंधाबाहेरील वनस्पतिज तेलांच्या तुलनेने खोबरेलाने कमी घनतेचे कोलेस्टेरॉल १०० मिलि. मागे सरासरी सु. १०.५ मिग्रॅ. व अधिक घनतेचे सु. ४ मिग्रॅ. वाढल्याचे दिसले.

आजच्या ज्ञानाप्रमाणे खोबरेल लोण्याहून काहीसे बरे, ट्रान्स वसांहून पुष्कळच बरे, पण शेंगदाणा, करडई, मोहरी वा तीळ यांच्या तेलांहून हृदयाच्या दृष्टीने कनिष्ठ ठरते. प्रत्यक्ष हृदयविकाराचा झटका वा मृत्यू यांवरील त्याचा परिणाम तपासणारे, पुरेसे मोठे व दीर्घकालीन प्रयोग अद्याप झालेले नाहीत. उपलब्ध पुरावा मुख्यतः रक्तातील वसांपुरता आहे. अशा स्थितीत २०१८ मध्ये फ्रायबुर्क येथील एका व्याख्यानात साथरोगशास्त्राच्या प्राध्यापिका कारिन मिखेल्स यांनी खोबरेलास ‘शुद्ध विष’ म्हटले. व्याख्यानाची ध्वनिचित्रफीत जगभर पसरली आणि भारताच्या फलोत्पादन आयुक्तांनी, त्या संलग्न असलेल्या हार्व्हर्ड येथील संस्थेस पत्र लिहून हे विधान मागे घेण्याची मागणी केली. विष हा शब्द अतिशयोक्त होता, यात शंका नाही. परंतु सरकारी अधिकाऱ्याच्या पत्राने वसाम्लांचे गुणधर्म बदलत नाहीत.

बाह्योपयोग : लावण्याचे तेल म्हणून खोबरेलाची बाजू बरीच भक्कम आहे. लॉरिक अम्लाच्या लहान व सरळ रेणूमुळे ते केसाच्या आत शिरते व धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. खनिज तेल व सूर्यफुलाचे तेल यांना हे साधत नाही, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. हा प्रयोग मुंबईच्या मॅरिको या खोबरेलविक्रेत्या कंपनीच्याच प्रयोगशाळेत झाला होता, ही गोष्ट मात्र नोंदली पाहिजे. केस त्यामुळे नव्याने उगवतात, असे कोणी दाखविलेले नाही. अपुऱ्या दिवसांच्या व पूर्ण दिवसांच्या अर्भकांना खोबरेल चोळण्याचा मुंबईतील एका रुग्णालयात पद्धतशीर अभ्यास झाला (२००५). अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत खनिज तेलापेक्षा खोबरेलाने वजनवाढ अधिक झाल्याचे त्यात आढळले. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या सुइणींना यात नवल वाटले नसते. फिलिपीन्समध्ये २०१४ साली मुलांच्या एका प्रकारच्या इसबावर व्हर्जिन खोबरेल खनिज तेलाहून गुणकारी ठरले.

खाद्य की केशतेल : खोबरेल मुळात आहे तरी काय, हा प्रश्न भारतात करआकारणीच्या रूपाने न्यायालयात गेला. छोट्या बाटल्यांतील शुद्ध खोबरेल हे केशतेल समजून त्यावर अधिक उत्पादन शुल्क घ्यावे, असे महसूल खात्याचे म्हणणे होते. उत्पादकांच्या मते ते खाद्यतेल होते. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत २०१८ मध्ये मतभेद झाल्याने प्रकरण तीन न्यायमूर्तींपुढे आले. त्यांनी १८ डिसेंबर २०२४ रोजी असा निर्णय दिला की, केवळ बाटली लहान आहे म्हणून तेल केशतेल ठरत नाही. वेष्टन, लेबल इत्यादींवरून ते केसांसाठीच असल्याचे दिसत नसेल, तर त्याचे वर्गीकरण खाद्यतेल म्हणून होऊ शकते. त्या वेळी वस्तू व सेवा कराचा दर खाद्यतेलावर ५ टक्के व केशतेलावर १८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेलावरील दरही ५ टक्क्यांवर आणण्यात आला.